साहेब पहिलीच ओळ वाचतो

श्रावण लागला की माझ्या दवाखान्यात दाढेच्या कळेबरोबर आणखी एक कळ घेऊन माणसं येतात. एका हाताने सुजलेला गाल धरलेला असतो आणि दुसऱ्या हाताने खिशातून चार घड्यांचा कागद निघतो. "मॅडम, दाढ मागून बघा. आधी हे बघता का? पोरीचा पसंतीक्रम हाय." कागदावर कॉलेजांची नावं असतात, एकाखाली एक, खोडलेली, बाण काढून वर-खाली केलेली. कुठे चहाचा डाग, कुठे हळदीचं बोट. नीटचा निकाल लागून गेलेला असतो, मार्क हातात असतात, आणि राज्यातल्या कुठल्या मेडिकल कॉलेजला आधी मागायचं नि कुठल्याला नंतर, हे ठरवायला चार-पाच दिवस दिलेले असतात. या चार-पाच दिवसांत नांदेड-लातूरकडच्या किती घरांत कुणी धड जेवत नाही, ते मला ठाऊक आहे.

मी दाताची डॉक्टर. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे. विष्णुपुरीला सरकारी मेडिकल कॉलेज. सकाळी दवाखाना झाडून घेताना काचेबाहेर पाहिलं की ऑटो जातात आणि त्यांत हातावर पांढरा एप्रन टाकलेल्या मुली बसलेल्या दिसतात. जागा शोधत होते तेव्हा आणखी दोन जागा पाहिल्या होत्या, त्यातली स्टेशनजवळची तर हिच्याहून चांगली होती. मी हीच घेतली. कशासाठी घेतली ते मला विचारू नका. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते, हे मी पेशंटना रोज सांगते.

यंदाही तसंच आभाळ आहे, पडतोय की नाही ते कळू न देणारं. कपडे वाळत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानांपुढे चपलांचा चिखल झालाय. ओल्या कागदाचा आणि गरम शाईचा तो वास अजून सुटतो. मी तिशीला आले, दोन खुर्च्यांचा दवाखाना चालवते, लोक मला मॅडम म्हणतात, आणि त्या वासासरशी मी पुन्हा एकोणीस वर्षांची होऊन कुणाच्या तरी मेहरबानीची वाट बघत उभी राहते.

लातूरला मी चार वर्षं काढली. अकरावी-बारावीची दोन आणि पुन्हा नीटला बसणारी रिपीटर म्हणून दोन. बारावीला खोलीत आम्ही पाच जणी होतो. पहिल्या झटक्यात दोघींचं झालं, एक नर्सिंगला गेली. दुसऱ्या निकालानंतर बिलोलीची माझी मैत्रीण गेली. ती पलंगाखालून पेटी ओढून काढत होती तेव्हा मी तिला हसून मदत केली आणि ती रिक्षात बसल्यावर बाथरूमचा नळ सोडून रडले. रिपीटच्या दुसऱ्या वर्षी त्याच पंख्याखाली मी एकटी जुनी उरले. नव्या मुली मला ताई म्हणायच्या. त्या 'ताई'ने मला जितकं रडवलं तितकं फिजिक्सने नाही.

उन्हाळ्यात टँकर यायचा. बादल्यांच्या रांगेतही मुली प्राण्यांची शास्त्रीय नावं पाठ करत उभ्या असायच्या. दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर नावांची उतरंड. मुदखेडच्या घरून माय नांदेडपर्यंत येऊन एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि ओल्या फडक्यात मोगऱ्याची फुलं. मुदखेडला फुलांचे मळे आहेत आणि माय दुपारी तिथल्या बायकांबरोबर गजरे ओवायला बसायची. लोहा, अहमदपूर, चाकूर करत ती फुलं लातूरला पोचेपर्यंत मलूल झालेली असायची. वास मात्र असायचा. मी ती उशाला ठेवून अभ्यास करायची आणि मनात म्हणायची, माय, आता पुरे, यापुढे मला काही पाठवू नकोस, मला लाज वाटते.

तिसऱ्या निकालाला मार्क आले ते काठावरचे. काठावरचे मार्क म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच कळतं. नापास झालेला माणूस निदान झोपतो. काठावरचा माणूस झोपत नाही, जेवत नाही, फोन खाली ठेवत नाही. कुणी म्हणायचं, यंदा कटऑफ वर जाणार. कुणी म्हणायचं, खाली येणार, लिहून घे. प्रत्येक फोननंतर माझं आयुष्य वर-खाली व्हायचं. माय विहारात जाऊन मेणबत्ती लावून यायची, आणि मी दिसले की विषय बदलून भाजीचं बोलायची. चौथ्यांदा बसायचं बळ माझ्यात नव्हतं आणि ते घरात सगळ्यांना दिसत होतं. म्हणून कुणी तोंडाने उच्चारत नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत पॉइंट्समन होते. मुदखेड जंक्शन. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधे लावायचं काम. नोकरीत त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही, हे ते सांगत नसत, दुसरेच सांगत. पसंतीक्रमाचा फॉर्म आला तेव्हा त्यांनी साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला, अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पाटावर कागद ठेवून माझ्यासमोर बसले. फॉर्मला ते दरखास्त म्हणायचे. निजामाचं राज्य जाऊन किती वर्षं झाली, पण आमच्याकडच्या कागदांवरून ते अजून गेलेलं नाही.

"लिही," अण्णा म्हणाले. "पहिल्या नंबरला दाताचं कॉलेज. औरंगाबादचं, सरकारी."

तेव्हा एमबीबीएस आणि दाताचं एकाच फॉर्मात भरायचं होतं. मी म्हटलं, "अण्णा, पहिलं नांदेड टाकू ना. मंग लातूर, अंबाजोगाई. दाताचं शेवटी."

"न्हाई. मी बदलीची दरखास्त दिली तवा माझ्याबरोबरच्या गड्यानं पहिल्या नंबरला नांदेड लिवलं. कैक वर्सं लटकून राहिला. मी पहिल्या नंबरला मुदखेड लिवलं. कोनालाच नको होतं. सहा म्हैन्यात ऑर्डर आली. ध्यानात ठिव बाई, साहेबाकडं ढिगानं दरखास्ती येत्यात. साहेब पहिलीच ओळ वाचतो. देण्यासारखं असलं तर सही करतो, न्हाईतर कागद खाली. येकदा खाली गेला की गेला."

"पन दुसऱ्या नंबरला..."

"दुसऱ्यापस्तोर त्याला येळ असतो व्हय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू न्हाई. दाताचं नक्की भेटतंय ना? मंग ते वर. भेटल्यावर पुढचं पुढं."

मी लिहिलं. हे मला स्वतःला बजावून सांगावं लागतं, की मीच लिहिलं, माझ्याच अक्षरात. क्लासचे सर लातूरला होते, फोन करता आला असता. पण तिसऱ्यांदा काठावर आलेली मुलगी सरांना कुठल्या तोंडाने फोन करणार? शेजारी कुणाला विचारावं तर मार्क सांगावे लागतील. आणि खरं सांगायचं तर मला अण्णांचं पटलं होतं. इतकी थकले होते मी, की 'नक्की' या शब्दापुढे मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पसंतीक्रम हा शब्द मी नंतर पुष्कळ चघळला. पसंती ही आमच्याकडे समोरच्याने करायची गोष्ट. मुलगी पसंत पडली का, काम पसंत पडलं का, साहेबाला पसंत आहे का. आपली पसंती कुणी विचारेल, तीसुद्धा एक-दोन-तीन अशी ओळीने, याची सवय ना मायला होती, ना अण्णांना. जयंतीला विहारापुढच्या मंडपात अण्णा दरवर्षी बोलायचे, "मागू नका, हक्कानं घ्या." टाळ्या पडायच्या. पण फॉर्म पुढ्यात आला तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या आजोबांचा हात आला. जास्त मागितलं की आहे तेही जातं, हे ज्या हाताला पक्कं ठाऊक होतं तो. मला तेव्हा हे कळलं नाही. कळलं असतं तर मी भांडले असते, नाहीतर त्या हाताला धरून रडले तरी असते.

यादी लागली त्या दिवशी अण्णा ड्यूटीवरून धावत आले. माझं नाव होतं. पसंती क्रमांक एक. दाताचं कॉलेज. अण्णांनी मायला हाक मारली ती स्टेशनपर्यंत ऐकू गेली असेल. "बघ! मागितलं तेच भेटलं! पहिल्याच नंबरचं!" ते पेढे घेऊन कॉलनीत फिरले. माय फुलांच्या टोपलीवर डोकं ठेवून हुंदके देत होती, आनंदाने. मीही हसत होते. दोन वर्षांनी छातीवरचा दगड उतरला होता.

आणि हातात फोन होताच, म्हणून मी यादी पुढे उघडून पाहिली. नांदेडचं पान काढलं. सरकारी मेडिकल कॉलेज, आमच्या प्रवर्गातला शेवटचा प्रवेश. त्या मुलीचे मार्क माझ्यापेक्षा दोनने कमी होते.

मी पान बंद केलं. पुन्हा उघडलं. बोट लावून ओळ सरळ धरली. दोनने कमी. बाहेर अण्णा कुणाला तरी सांगत होते, "फारम कसा भरला ते इचारा मला." मी मेडिकलला असलेल्या शेजारच्या ताईला फोन लावला, अमुक एका मैत्रिणीचं असं झालंय, तिला पुढच्या फेरीत बदलता येईल का, म्हणून खोटंच विचारलं. ती म्हणाली, पहिल्या पसंतीचं मिळालं की संपलं, तिला जे हवं होतं ते तिला मिळालं, आता पुढची फेरी कशाला? बरोबरच होतं तिचं. साहेबाने आमची पहिलीच ओळ वाचली होती.

आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तर बोंबलायचं कुणाच्या नावाने? मी तोंड धुतलं, बाहेर गेले, आणि अण्णांनी भरवलेला पेढा खाल्ला. 

अण्णांना मी सांगितलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. सांगून काय झालं असतं? ज्या माणसाने जन्मभर एक सांधा चुकवला नाही, त्याला मी सांगू, की अण्णा, तुम्ही माझी गाडी दुसऱ्याच रुळावर घेतलीत? पहिलं वर्ष मी त्यांच्यावर आतल्या आत खूप चिडले. सुट्टीत घरी आले की उगाच मायवर खेकसायची. कुणी गमतीने म्हणायचं, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तुझं भरेल ना गं? मी हसायची आणि त्या माणसाचा मनापासून द्वेष करायची. मग हळूहळू हात बसला. मी वाईट डॉक्टर नाही. दाढ काढताना माझ्या हाताखाली म्हातारी माणसं झोपी गेलेली आहेत. कवळी बसवली की मी पेशंटला एक ते दहा मोजायला लावते, म्हणजे उच्चार कुठे अडतो ते कळतं. बिलोली-देगलूरकडचे आजोबा तेलुगूत मोजतात, ओकटी, रेंडू, मूडू, आणि नवे दात चमकवत हसतात. मला ते आवडतं. पण नऊ वाजता ऑटो जातात, आणि मी काचेकडे बघते. दोन्ही खरं आहे.

माझ्या गप्प बसण्याचं पुढे काय होईल, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अण्णा कॉलनीतले जाणकार झाले. ज्याच्या मुलीला पहिल्याच नंबरचं मिळालं, तो माणूस. श्रावणात लोक त्यांच्याकडे कागद घेऊन यायला लागले आणि अण्णा चष्मा लावून त्यांना सांगायला लागले, साहेब पहिलीच ओळ वाचतो. हे मला फार उशिरा कळलं. दोन मुलींचे मार्क इतके खाली होते की काही बिघडायचं उरलंच नव्हतं. एकीचं मी कधी तपासून पाहिलं नाही. ती कुठे शिकली ते मला ठाऊक आहे, तिचे मार्कही ठाऊक आहेत, त्या वर्षीची यादी फोनवर एका बोटाच्या अंतरावर आहे. माझा धीर झाला नाही. अण्णांना वाचवायचं म्हणून मी जे खोटं पाळलं, ते दुसऱ्याच्या मुलीला चावलं की नाही, हे बघायचाही धीर मला होत नाही.

या वर्षी मुदखेडला अण्णांच्या समोरच्या घरातली सोनाली. तिची आई मायबरोबर गजरे ओवते. सोनाली लातूरला, रिपीटर. परवा सकाळी अण्णांचा फोन आला. "सोनूची दरखास्त कागदावर तयार केली. तू निस्ती कॉम्प्युटरवर चढव. आजच शेवटचा दिस हाय म्हनं, पाचपस्तोर. दुपारच्या गाडीनं येऊन राहिलो आमी. माझी कवळी बी झाली असंल ना?"

झाली होती. अण्णांचे उरलेले दात मीच काढले होते आणि कवळीही मीच केली होती.

दोघं आले तेव्हा साडेतीन वाजले होते. सोनालीचे ओठ सुकलेले, डोळ्यांखाली ती ओळखीची काळी कड. मी तिचे मार्क विचारले. तिने सांगितले. काठावरचे. मग अण्णांनी खिशातून कागद काढला, घड्या उलगडल्या आणि तळहाताने सपाट करून माझ्यापुढे ठेवला. त्यांचं टपोरं अक्षर. एक, दाताचं. दोन, नांदेड.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. नांदेड वर घेतलं, लातूर त्याच्याखाली, अंबाजोगाई, आणखी बारा नावं, आणि दाताचं पार तळाला. गुपचूप करून टाकावं, एवढीच माझी हिंमत होती. पण अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे राहून, चष्मा कपाळावर सारून, पडद्यावरची ओळ न् ओळ वाचत होते. गाडी सोडण्याआधी सगळं दोनदा तपासायची त्यांची सवय.

"वर-खाली झालं बग तुझं," ते म्हणाले. "पहिलं दाताचं होतं."

घड्याळात चार वाजून गेले होते. सोनाली माझ्याकडे बघत होती, मग अण्णांकडे. या मुलीने हो म्हटलं असतं. अण्णा म्हणाले असते तर तिने मुकाट दाताचं वर टाकलं असतं, कारण तिलाही 'नक्की' हवं होतं. मला ते ओढणीचं टोक पिळणाऱ्या तिच्या हातांवरून कळत होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "तिथं साहेब नसतो. मशीन असतंय. ते वरून खाली वाचत येतं आन् जिथं आपले मार्क पुरले तिथं थांबतं. त्याच्या खालचं वाचतच न्हाई."

अण्णांनी मान हलवली. आधी मला वाटलं पटलं नाही. पण ते विचार करत होते. "मंजी जिथं पहिल्यांदा सिग्नल भेटला," ते सावकाश म्हणाले, "तिथंच गाडी आत."

"हाव."

"मोठं वर लिवलं अन् न्हाई पुरलं तर?"

"तर खालच्याला जातं. कागद खाली टाकत न्हाई कोनी. काहीच जात न्हाई आपलं."

"काहीच जात न्हाई," अण्णा म्हणाले.

सोनालीने बटण दाबलं. फॉर्म गेला. तिच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की ती स्वतःच दचकली, आणि मग पाणी मागून घटाघटा प्यायली. यादी अजून लागायची आहे. तिचं काय होईल ते मला ठाऊक नाही. काठावरच्या माणसाला मशीनही काही कबूल करत नाही.

अण्णा उभेच होते. "तुझ्या फारमात," त्यांनी विचारलं, "दुसऱ्या नंबरला काय होतं गं?"

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. आठवत नाही अण्णा, किती दिवस झाले त्याला. तोंडापर्यंत आलं. पण त्यांचा कागद समोर टेबलावर पसरलेला होता, एक, दाताचं, दोन, नांदेड, आणि त्यांना वाचता येत होतं.

"नांदेड," मी म्हटलं.

 मार्क पुरत होते का, हे त्यांनी विचारलं नाही. काचेबाहेरून एक ऑटो गेला तेवढा वेळ ते तिकडे बघत राहिले. मग स्वतःच जाऊन खुर्चीत बसले, मान मागे टेकवली, डोळे मिटले.

मी हात धुतले. हातमोजे घातले. सोनाली बाहेर बाकावर जाऊन आईला फोन करत होती, तिचा आवाज येत होता. "आ करा, अण्णा." त्यांनी तोंड उघडलं. मी कवळी बसवली, खालची, मग वरची, अंगठ्याने दाबून पाहिली. हिरडीला छान धरून बसली. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी निघून कानाकडे गेलं होतं, ते मी गॉजने टिपलं. पेशंटचं टिपते तसंच.

"मोजा अण्णा," मी म्हटलं. "एक ते दहा."

"एक," अण्णा म्हणाले. स्वच्छ, स्पष्ट.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"दोन," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "दोन."

तीन काही आलं नाही. मी त्यांचा हात धरून उभी राहिले आणि म्हटलं, बरोबर बसलीय अण्णा, कुठेच अडत नाही.